ओट्यावरचं नेट

‘तिथंच बस. हलू नको. हललीस की लाईन तुटते.’

गुरुजी खिडकीच्या आतून म्हणाले. मी खिडकीच्या बाहेर होते. ओट्याच्या टोकाला, जिथं लोक चपला काढतात, तिथं खांबाला पाठ लावून बसले होते. खाली गोणपाट. एक हात वर, आणि त्या हातात माझा फोन. खांबाच्या त्या उंचीलाच रेंज यायची. हात खाली आला की एक दांडी उरायची, मांडीवर ठेवला की तीही जायची. म्हणून हात वर. उजवा भरून आला की डावा, डावा भरून आला की पुन्हा उजवा. पावसाची झड ओट्यावर येत होती. फोन भिजू नये म्हणून मी तो ओढणीच्या टोकात गुंडाळून धरला होता. माझी पाठ भिजत होती, त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

आत गुरुजींचा मुलगा महेश कॉम्प्युटरसमोर बसला होता. कॉम्प्युटर त्यांचा, नेट माझं. माझ्या फोनचं नेट ब्लूटूथनं खिडकीतून आत जात होतं. मी आत जात नव्हते. माझ्या जातीला त्या घरात ओट्यापर्यंतच वाट होती.

आता पोरं बोलता बोलता म्हणतात, ‘जरा हॉटस्पॉट दे ना.’ बटण दाबलं की झालं. तेव्हा आमच्याकडे हा शब्द आला नव्हता. दोन हजार साल उलटून आठ-नऊ वर्षं झाली असतील. नेट मुंगीच्या पावलानं चालायचं, एक गाणं उतरायला तास लागायचा, आणि वापरशील तेवढे पैसे जायचे. तेव्हा आमच्या गावचा हॉटस्पॉट मी होते. बसवलं तिथं बसायचे.

आमचं गाव मोखाड्याच्या अंगाला, पोशेऱ्यावरून पुढे आत. गाव म्हणजे वेगवेगळे पाडे. गुरुजींचा पाडा टेपावर, म्हणजे वरच्या टेकाडावर. तिथं शेतवाल्यांची घरं. एका पिढीत त्यांच्यातले कोणी मास्तर झाले, कोणी कारकून, कोणी ग्रामसेवक. आमची वस्ती खाली, ओहळाच्या कडेला. वस्तीचं नाव सांगितलं की जात विचारावी लागत नाही. जमीन आम्हाला कधीच नव्हती. पावसात टेपावरच्यांच्या भाताची आवणी, म्हणजे लावणी, मग तण काढायची बेणणी, कापणी, आणि दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्ट्या. विजेच्या तारा टेपापर्यंत आल्या आणि थांबल्या. मोबाईलची रेंजही टेपावरच थांबली. आमच्या वस्तीत फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवलं. हे मी खोटं सांगणार नाही. वाचायला, लिहायला, पाढे, सगळं त्यांनीच. वस्तीची पोरं वर्गात दाराजवळ बसायची, आणि मी दाराजवळूनच सगळा फळा वाचायचे. एकदा त्यांनी सगळ्या वर्गासमोर मला पाठ म्हणायला लावला आणि म्हणाले, ‘बघा, वस्तीची असून कशी घडाघडा वाचते.’ मी हे घरी जाऊन आयला सांगितलं होतं. दोघींना केवढा आनंद झाला होता. आता त्या आनंदाची लाज वाटते.

पुढे जव्हारला होस्टेलवर राहून बारावी झाले. आमच्या वस्तीतली पहिलीच. होस्टेलवर महिन्यातून एकदा सिस्टर यायच्या. पोरींना तपासायच्या. एकदा मला ताप होता. त्या माझ्या खाटेवर बसल्या, कपाळाला हात लावला, आणि तो हात नंतर धुतला नाही. मी डोळे किलकिले करून बघत होते, धुतात का. नाही धुतला. तशाच दुसऱ्या पोरीकडे गेल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मला सिस्टर व्हायचं होतं.

बारावीनंतर एक हंगाम भिवंडीच्या गोदामात पॅकिंगचं काम केलं. तिथली एक बाई गावाला परत चालली होती, तिनं तिचा फोन मला विकला. ‘ले ले, इसमें नेट भी चलता है,’ म्हणाली. त्या हंगामाची माझी शिल्लक त्या फोनमध्ये गेली. आय म्हणाली, ‘इतक्या पैशात एक शेळी आली असती.’ आली असती. पण शेळीवर अर्ज भरता येत नव्हता. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज त्या वर्षी नेटवरच घेणार, असं होस्टेलच्या बाईंनी मला निघताना सांगितलं होतं.

माझ्या फोनच्या बारक्या पडद्यावर तो अर्ज उघडत नव्हता. त्याला कॉम्प्युटर लागत होता. आणि आख्ख्या गावात कॉम्प्युटर एकच, गुरुजींच्या घरी. त्यांनी तो महेशसाठी घेतला होता. महेश माझ्याच वर्गातला. तो पुढच्या रांगेत बसायचा. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पण त्यांची टेलिफोनची लाईन आदल्या पावसाळ्यात झाड पडून तुटली ती तुटलीच. कॉम्प्युटर होता, नेट नव्हतं. माझ्याकडे नेट होतं, कॉम्प्युटर नव्हता.

गुरुजींनी मला रस्त्यात गाठलं. ‘तुझ्या फोनवर नेट चालतं म्हणे?’

‘चालतं, गुरुजी.’

‘मग ये की घरी. महेशचं काम होईल, तुझा अर्जही होईल. जव्हारला कशाला हेलपाटे घालतेस? आपल्याकडे आहे ना सगळं.’

आपल्याकडे, म्हणाले. मी त्या एका शब्दावर भाळले. जव्हारला सायबर कॅफे होतं. पण जायचं म्हणजे जीपचं भाडं, दिवसाची मजुरी बुडणार, आणि तिथं लाईट असेलच याची खात्री नाही. मला वाटलं, गुरुजी म्हणतात ते खरंच आहे. सरळ देवाणघेवाण. कुणाचे कुणावर उपकार नाहीत.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा काकू, म्हणजे महेशची आई, दारात आल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. मग महेशला म्हणाल्या, ‘फोन घे आत. ती राहू दे बाहेर.’

महेशनं माझ्या हातातून फोन घेतला आणि आत गेला. आत रेंज येईना. तो फोन घेऊन घरभर फिरला. माजघरात गेला, स्वयंपाकघरात गेला. उघड्या दारातून मला दिसत होतं, तो देवघरासमोर उभा राहून फोन वर धरून बघत होता. माझा फोन त्या घरातल्या देवापर्यंत जाऊन आला. मी लहानपणापासून त्या घरी येत होते, धान्य पाखडायला, शेण टाकायला, आणि ओट्याच्या पुढे कधी गेले नव्हते. त्या दिवशी मला राग यायला हवा होता. आला नाही. मला आपली काळजी, त्यानं फोन पाडू नये.

घरात रेंज नाही म्हटल्यावर ओट्यावर शोधली. ती सापडली नेमकी चपलांच्या जागेवर. महेश म्हणाला, ‘ब्लूटूथ खिडकीतून पोचतं. फोन इथं ठेवून जा तू.’ ठेवून कशी जाणार? कमाई होती माझी. आणि ठेवला तरी रेंज धरत नव्हता, हातात उंच धरावा लागायचा. म्हणून मी बसले. काकूंनी गोठ्यातून गोणपाट आणून लांबूनच टाकलं. मी उठून गेले की ते परत गोठ्याच्या कुडावर जायचं.

महेशनं माझ्या फोनमध्ये काहीतरी दाबलं. म्हणाला, ‘आता दर वेळी विचारणार नाही. तू नुसती जवळ आलीस की आपोआप जोडलं जाईल.’ मला वाटलं, बरं झालं. सोय झाली. कुणाची, ते मी विचारलं नाही.

चार्जिंगही मी त्यांच्याकडेच करायचे. खाली वीज नाही म्हटल्यावर दुसरीकडे कुठे करणार? ओट्यावरच्या बटणाला चार्जर लावायचा आणि तासभर अंगणात काहीतरी काम करत थांबायचं. कधी ओटा झाडायचा, कधी सरपण लावायचं. सांगितलेलं नव्हतं, पण रिकामी उभी राहिले की काकू बघायच्या. आणि मी तिथं असेपर्यंत आत नेट चालू असायचं, हे मला कित्येक दिवस कळलंच नाही. मी फोन बोर्डाजवळ खुंटीला टांगून ओटा झाडतेय, आणि तिथं मिळणाऱ्या एका दांडीवर आत महेश माझ्या पैशात गाणी उतरवतोय.

हे पैसे कुठून यायचे तेही सांगते. आवणीचे दिवस होते. आय आणि मी गुरुजींच्याच शेतात आवणी करत होतो. गुडघाभर चिखलात, वाकून, दिवसभर. संध्याकाळी गुरुजी मजुरी द्यायचे. त्यातली माझी मजुरी मी मोखाड्याच्या नाक्यावर नेऊन नेटचा पॅक मारायचे. आणि तो पॅक परत गुरुजींच्या घरात जायचा. त्यांचा पैसा त्यांच्याच घरी. मधल्या मधे आमची कंबर तेवढी मोडत होती.

पॅक संपायला लागला तशी मी घाबरले. आधी वाटलं, कंपनी लुबाडते. गोदामात सगळे म्हणायचे, नेट बंद करायचं विसरलं की बॅलन्स गळतो. मग मी नेट बंद करून ठेवायला लागले, तरी गळायचा. आयला मी हे सांगितलं. आयनं फोन घेतला, फडक्यात गुंडाळला आणि नागलीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. म्हणाली, ‘वाटंनं जाणारं-येणारं वढून नेतात. उघडा ठेवू नको.’

मी किती हसले होते. वस्तीतल्या दोन-चार बायकांना सांगून हसले. नेट काय दूध आहे का मांजरानं प्यायला? पण आय म्हणत होती ते शंभर टक्के खरं निघालं. तिला ब्लूटूथ माहीत नव्हतं, गाव माहीत होतं. डब्यात होता तोपर्यंत बॅलन्स गेला नाही. गुरुजींच्या ओट्यावर टांगला की गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी गुरुजींना विचारलं. हात बांधून, मान खाली घालून, जसं विचारायची सवय होती तसं. ‘गुरुजी, चार्जिंगच्या वेळेला महेश नेट वापरतो. माझा पॅक संपतो.’

गुरुजी खळखळून हसले. ‘अगं, नेट काय, हवेतनं येतं. हवेला काय पैसे पडतात? आणि आमची लाईट वापरतेस, त्याचे मी मागितले का कधी? फिटंफाट.’

आवणीच्या मजुरीतून मारलेला पॅक म्हणजे हवा. त्यांच्या बोर्डातला तासभराचा करंट म्हणजे उपकार. असा हिशोब मला त्यांनी शाळेत शिकवला नव्हता. पण मी गप्प राहिले. माझा अर्ज त्यांच्या हातात होता. दर खेपेला विचारायचे, ‘माझा अर्ज?’ आणि दर खेपेला आतून उत्तर यायचं. आज सर्व्हर नाही. आज लाईट जायच्या आत महेशचं उरकू दे. आणि एकदा गुरुजी म्हणाले, ‘अर्धा भरून झालाय. अर्धाच राहिलाय.’

मी त्या अर्ध्या अर्जावर आठवडाभर खुशीत होते. आयला सांगितलं. आयनं वस्तीत सांगितलं.

मग शेवटचा दिवस आला.

त्या दिवशी मी आवणीला गेले नाही. आदल्या दिवशी नवीन पॅक मारून आणला होता. सकाळीच वर गेले. म्हटलं, ‘गुरुजी, आज माझ्या अर्जाची मुदत संपते. संध्याकाळपर्यंतच आहे. आज माझा पहिला घ्या.’

‘होईल गं. बस तू. तुझं काय पळून चाललंय?’

मी बसले. हात वर धरला. घरी पाहुणे आले होते, महेशचे मामा, जव्हारला कुठल्याशा कचेरीत कारकून. आत चहा झाला, पोहे झाले. कॉम्प्युटर चालू होता, माझ्या फोनवर ब्लूटूथचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे नेट आत जात होतं. मला वाटलं, आता माझा अर्ज निघेल. मग आतून गाण्याचा आवाज आला. थोडं वाजायचं, थांबायचं. पुन्हा थोडं वाजायचं. महेश मामांना नेटवरची गाणी दाखवत होता.

माझा हात बधिर झाला होता. मी खांबाला कोपर टेकवलं. आतून मामांचा आवाज आला. ‘भावजी, नेट घेतलंत? वायर तर कुठं दिसत नाही.’

‘वायर कशाला? बाहेर बसवलीय ना,’ गुरुजी म्हणाले.

मामा उठून खिडकीशी आले. गजांमधून माझ्याकडे बघितलं. विहिरीवर नवीन बसवलेला पंप बघावा तसं. मला एक शब्द बोलले नाहीत. मागं वळून गुरुजींना म्हणाले, ‘महिन्याचे किती देता हिला?’

‘द्यायचे काय? चार्जिंग फुकट करते आपल्याकडं.’

सगळे हसले. मी तरीही बसले होते. हे सांगताना आज माझा मलाच संताप येतो, पण बसले होते. मला अर्ज पाहिजे होता. मी खिडकीकडे तोंड करून म्हटलं, ‘महेश, माझा अर्धा अर्ज आज पुरा कर ना.’

महेशनं मागं वळून बघितलं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. त्याला खरंच कळलं नाही. ‘कसला अर्धा अर्ज? मी तर उघडलाच नाही अजून. साईट कुठली होती ती?’

 मामांनी विचारलं, ‘कसला अर्ज?’

‘नर्सिंगला जायचंय म्हणे तिला,’ गुरुजी म्हणाले.

‘नर्स? भावजी, या बाया सुया टोचायला लागल्या तर तुमची आवणी कोण करणार?’

आणि गुरुजी हसले. काकू हसल्या, मामा स्वतःच्याच विनोदावर हसले, ते मी कधीच विसरून गेले असते. पण ज्या माणसानं माझा हात धरून मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, तो माणूस हसला. पोट धरून नाही. थोडंसं, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. त्यांना माहीत होतं मी ऐकतेय. मी ऐकत असण्याचं त्यांना काही वाटलंच नाही.

माझा हात आपोआप खाली आला.

मी उठले. गोणपाट तिथंच टाकलं. चपला घातल्या. पायरी उतरले आणि अंगणातून चालायला लागले.  गोठा ओलांडून पुढे गेले असेन नसेन, आतलं गाणं मधेच तुटलं. मागून महेशचा आवाज आला, ‘बाबा, लाईन गेली!’

गुरुजी ओट्यावर आले. ‘ए! कुठं चाललीस? मागं फिर. त्याचं अर्ध्यात राहिलंय.’

मी वळले. लहानपणापासून मी गुरुजींच्या पायांकडे बघून बोलले होते. त्या दिवशी तोंडाकडे बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

‘माझंही अर्ध्यातच राहिलंय, गुरुजी,’ मी म्हणाले.

त्यांचा चेहरा बदलला. ‘जास्त शहाणी झालीस. उद्यापासनं चार्जिंगला पाय ठेवायचा नाही इथं. आणि आयला सांग, आवणीला येऊ नको.’

मी टेप उतरले, थेट रस्त्याला आले आणि जीपची वाट बघत उभी राहिले. जीप आली तर भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हरला म्हटलं, ‘दादा, घाई आहे.’ तो म्हणाला, ‘सगळ्यांनाच घाई असते.’ मोखाड्याला गाडी बदलली. जव्हारला पोचले तेव्हा बाजारातली लाईट गेलेली. सायबरवाल्यानं जनरेटर लावायला नकार दिला, एका गिऱ्हाइकासाठी परवडत नाही म्हणाला. लाईट यायची वाट बघत मी त्याच्या दुकानाच्या फळीवर बसून राहिले. लाईट आली. त्यानं पान उघडलं. मला माझ्या अर्जाचं पान पहिल्यांदा दिसलं. वर निळी पट्टी होती आणि खाली एक ओळ. मुदत संपली आहे.

‘पुढच्या वर्षी या,’ सायबरवाला म्हणाला. मला रडू आलं नाही.  मी त्याचे पैसे दिले आणि एसटी स्टँडवर गेले.

घरी आल्यावर आयला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आय मला जवळ घेईल. आयनं पाठीत धपाटा घातला. ‘त्यांनी आवणी बंद केली त आपुन खायाचा काय? तुजा नेट?’

तिचं चुकलं नाही. आवणीच्या दिवसांतली कमाई हातची गेली होती. गावात दुसऱ्या कुणी आम्हाला बोलावलं नाही, गुरुजींनी सगळीकडे तसं सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी पार जामसरकडे आवणीला जायला लागलो. अर्धी मजुरी गाडीभाड्यात जायची. आय माझ्याशी बोलायची नाही. वाकून रोपं लावत जायची, मी तिच्या शेजारी. वस्तीतली माणसं म्हणायची, जाऊन पाया पड, मास्तर मनानं वाईट नाही. मास्तर मनानं वाईट नाही, हे मलाही माहीत होतं. वाईट मनाच्या माणसाशी भांडायला सोपं असतं.

आवणी संपत आली तेव्हा एक दिवस महेश आला. वस्तीत आला नाही. ओहळापलीकडे उभा राहून त्यानं हाक मारली. मी दारात आले.

‘बाबांनी बोलावलंय. माझ्या प्रवेशाची यादी लागणार आहे, बघायचीय. तू सॉरी म्हण, विषय संपला. पुढच्या वर्षी तुझा अर्ज मी स्वतः भरतो. शपथ.’

तो खरंच शपथेवर बोलत होता. मला त्याची कीव आली. मी म्हणाले, ‘महेश, ओहळाला पाणी घोट्याएवढंच आहे. अलीकडे ये. घरात ये. चटई टाकते, चहा घे. मग आपण दोघं टेपावर जाऊ आणि तुझी यादी बघू. पैसे माझे.’

तो पाण्याकडे बघत राहिला. मग आमच्या घराकडे बघितलं. बारावीपर्यंत शिकलेला मुलगा. नेटवर जगभर हिंडणारा. ‘नको,’ म्हणाला, ‘आई ओरडेल.’

मागं आय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘जा ना, पोरी. पुढला साल तरी नीट जाईल.’

मी फोन काढला, आता तो जामसरच्या नाक्यावर चार्ज करून आणायचे. ब्लूटूथच्या यादीत एकच नाव होतं, महेशच्या कॉम्प्युटरचं. ते नाव होतं म्हणून तर न विचारता माझं नेट आत जात होतं. त्याच्यासमोर ते नाव निवडलं. काढून टाकायचं का, फोननं विचारलं. मी हो दाबलं. आणि महेशला म्हणाले, ‘बाबांना सांग, तुझ्या कॉम्प्युटरला आता माझा फोन ओळखत नाही. आणि माझा अर्ज मी भरीन. दुसऱ्या कुणी भरायचा नाही.’

तो परत टेप चढून गेला. आय दोन दिवस पुन्हा बोलली नाही.

ते वर्ष माझं गेलं. लोक म्हणतात, एका वर्षानं काय होतं, शेवटी झालीस ना सिस्टर. झाले. पुढच्या वर्षी जव्हारच्या त्याच सायबरमध्ये बसून मी माझा अर्ज माझ्या बोटांनी भरला. पण त्या गेलेल्या वर्षात आयनं जामसरच्या चिखलात जी कंबर मोडून घेतली ती परत नीट झाली नाही. तिला मीच गोळ्या देते. गोळ्या देताना मला गुरुजींचं ते हसणं आठवतं. त्याला माझ्याकडे माफी नाही.

गेल्या साली गुरुजींचा सत्कार ठरला, त्यांच्याच घरी. जुने विद्यार्थी गोळा करत होते. महेशनंच फोन केला, आता तो पुण्याला असतो. म्हणाला, ‘तू यायलाच पाहिजेस. बाबा सगळ्यांना अभिमानानं सांगतात, ती सिस्टर माझी विद्यार्थिनी. तुझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलीय.’

‘खुर्ची कुठं ठेवणार?’ मी विचारलं.

‘कुठं म्हणजे? ओट्यावर. घरात आईचं सोवळंओवळं, तुला माहीतच आहे.’

मला माहीत होतं. मी येत नाही म्हणाले आणि फोन ठेवला. जे घर मला आत घेत नाही, त्या घरात माझं काहीही जाणार नाही. तेव्हा नेट बंद केलं. आता माझ्या टाळ्याही जाणार नाहीत.